सामेशिमांची सरळ रेघ

"ही रेघ माणसाच्या हातची नाही," निइमुरा म्हणाला आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यापाशी जाऊन त्याने त्या रेघेवर बोट ठेवलं. "आमच्या बघा आणि ही बघा."

पडद्यावर समुद्राचा नकाशा होता आणि त्यावर सहा विमानांच्या सहा रंगीत रेघा. कागोशिमाहून दक्षिणेला निघालं आणि तानेगाशिमाचं बेट मागे पडलं की पुढे दोन तास नुसतं पाणी. त्या पाण्याच्या टोकाला किता-दाइतो नावाचं टीचभर बेट, तिथे उतरायचं. पाच रेघा अर्ध्या वाटेपासून पश्चिमेला भरकटल्या होत्या आणि बेट शोधताना त्यांचा लोकरीसारखा गुंता झाला होता. सहावी, निळी, निघाली ती थेट बेटावर जाऊन टेकली होती. ती सामेशिमासानची.

अरिमुरा डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "निइमुरा, जरा जपून बोल."

"मी कुठे कुणाचं नाव घेतलंय? मी रेघेबद्दल बोलतोय."

आमचा क्लब म्हणजे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी डॉक्टरांच्या दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर जमणारी सहा माणसं आणि सहा संगणक. संगणकावर नव्वद वर्षांपूर्वीची विमानं उडवायची आणि शर्यत लावायची. वारा मात्र त्या दिवसाचा खराखुरा, संगणक तो हवामान खात्याकडून घेतो. अट एकच, जीपीएस वापरायचं नाही. होकायंत्र, घड्याळ, कागदी नकाशा, पेन्सिल, बस्स. मोबाइल आधी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जमा करायचे. विमानातलं दिशादर्शक पडद्यावर जिथे दिसतं तिथे काळी पट्टी चिकटवायची. हे सगळं झालं तरी एक फट राहतेच. एक बटण दाबलं की पूर्ण नकाशा उघडतो, पुन्हा दाबलं की मिटतो, आणि ते दाबल्याची नोंद कुठेही होत नाही. त्या बटणाच्या बाबतीत सगळी भिस्त एकमेकांवरच्या विश्वासावर.

मी उडवत नाही. मी डॉक्टरांकडे एकोणीस वर्षं मदतनीस आहे. आठवडाभर त्यांच्या हातात चिमटे देते आणि दुसऱ्या रविवारी शर्यतीच्या नोंदी ठेवते, चहा करते. नोंदींचा सातवा संगणक सामेशिमासानच्या खुर्चीच्या मागे आहे, त्यामुळे शर्यतभर मला त्यांची पाठ, खांद्यावरून मांडीवरचा नकाशा आणि त्यांचा पडदा एवढंच दिसतं. हे आधीच सांगून टाकते, कारण मी पुढे जे केलं त्याला 'मला काही दिसलं नाही' ही सबब नाही.

"वारा फिरला होता," सामेशिमासान म्हणाले. बहात्तर वर्षांचे, बुटके, रविवारी देखील इस्त्रीचा सदरा घालून येणारे. "सकाळच्या हवामानाच्या बातमीत पश्चिमेचा होता. तानेगाशिमा सोडल्यावर अर्ध्या तासाने पूर्वेचा झाला."

"ते तुम्हाला विमानात बसून कसं कळलं?"

"लाटांवरून. फेस कुठल्या बाजूला पडतोय ते बघायला दोनदा खाली उतरलो, दिशा बदलली आणि पुन्हा वर गेलो."

निइमुराला हसू आवरेना. विमा विकतो तो, लोकांना कोंडीत पकडायची त्याला सवय आहे. "पडद्यावरच्या लाटा? सामेशिमासान, त्या चित्रातल्या आहेत हो!"

"ज्याने हे चित्र काढलंय त्याने समुद्र नीट बघितलेला आहे," सामेशिमासान गंभीरपणे म्हणाले.

यावर सगळेच हसले. एखाद्याला खोटं ठरवायचं असलं की आधी त्याला हसून घेतात, मग पुढचं काम सोपं होतं.

डॉक्टर हसले नाहीत. ते तीन वर्षं ओळीने पहिले येत होते आणि त्या दिवशी बावीस मिनिटांनी मागे पडले होते. ते घसा साफ करून म्हणाले, "कुणावर आरोप नाही. फक्त आजचा निकाल धरायला नको, एवढंच. यंत्रातही काही गडबड झालेली असू शकते. काय, शिराहामासान?"

शिराहामा म्हणजे मी. माझ्यासमोर प्रत्येक विमानाच्या उंचीची नोंद उघडी होती. निळी रेघ दोनदा समुद्राला टेकेल इतकी खाली आली होती आणि पुन्हा वर चढली होती. चोरून नकाशा बघणाऱ्या माणसाला खाली उतरून लाटा बघायची काय गरज? एक कागद छापून टेबलावर ठेवला असता तर विषय तिथेच संपला असता. शिवाय शर्यतभर त्यांचा डावा हात मांडीवरच्या नकाशावर होता आणि पडद्यावर नकाशा एकदाही उघडला नव्हता, हे मी या डोळ्यांनी बघितलेलं.

"असू शकते, डॉक्टर," मी म्हणाले आणि चहाचे पेले गोळा करायला उठले.

सामेशिमासानना हे सगळं नवीन नव्हतं. एकतीस वर्षं ते बेटांच्या बोटीवर दुय्यम अधिकारी होते, बोट कुठे आहे ते नकाशावर मांडायचं हेच त्यांचं काम. मग बोटीवर उपग्रहाचं यंत्र आलं. एकदा चहा पिताना त्यांनी मला सांगितलं होतं, "पहिला महिनाभर दोन्ही चालू ठेवा म्हणाले. यंत्रही आणि माझी पेन्सिलही. एक दिवस दोघांचं जुळेना. अर्ध्या मैलाचा फरक. कप्तान म्हणाले, तुमचं काय चुकलं ते शोधून काढा."

"मग?"

"दोन दिवस शोधलं. माझं काही चुकलेलं नव्हतं. यंत्राची अँटेना ढिली झाली होती."

"मग काय केलं त्यांनी?"

"काय करणार? अँटेना घट्ट केली आणि मला बंदरावर तिकिटाच्या खिडकीत बसवलं."

त्या खिडकीत ते निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं बसले. लोक विचारायचे, बोट कधी सुटणार. बोट कुठे आहे असं कुणी विचारायचं नाही. आमच्याकडे मात्र सरावाच्या दिवशी कुणीतरी ओरडायचंच, "सामेशिमासान, आपण कुठे आहोत हो?" आणि ते नकाशावर पेन्सिल टेकवून "इथे" म्हणायचे. ते 'इथे' म्हणताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. एवढ्यासाठी हा माणूस बंदरापलीकडून दोन बस बदलून येत होता.

त्या शर्यतीनंतर दहा दिवसांनी ते दवाखान्यात आले. मागच्या दाढेचा तुकडा पडला होता. डॉक्टरांनी खुर्ची आडवी केली, दिवा लावला, तोंड उघडायला सांगितलं आणि त्यांचं तोंड पूर्ण उघडल्यावर बोलायला सुरुवात केली. वाद घालायला डॉक्टरांनी जागा बरी निवडली होती.

"सामेशिमासान, मी तुमच्यावर अविश्वास दाखवतोय असं समजू नका. थोडं मोठं उघडा. निइमुरा तरुण आहे, बोलून जातो. पण बाकीच्यांपैकी दोघांनाही तसंच वाटतंय. पुन्हा तसलीच रेघ आली तर आपण यायचं बंद करू, असं ते म्हणताहेत. डावीकडे वळा जरा. हां. आता तिघं गेले तर क्लब राहतो का? मग मला काहीतरी ठरवावं लागेल. तशी वेळ माझ्यावर आणू नका."

सामेशिमासानच्या घशातून कसलासा आवाज आला. तो 'हो' होता की 'नाही', ते तोंडातल्या अवजारांमुळे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी नजर वळवली आणि माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या गालात लाळ ओढायची नळी धरून उभी होते. मी नळी थोडी सरळ केली. लाज वाटली, फार वाटली, पण एकोणीस वर्षांत डॉक्टरांचं बोलणं मी कधी मध्येच तोडलेलं नाही.

"सगळ्यांना बरं वाटेल असं सांभाळून घ्या," डॉक्टर म्हणाले. "बोळा चावून धरा. दुखलं तर सांगा."

बोळा काढल्यावर सामेशिमासाननी दोनदा चूळ भरली, रुमालाने ओठ टिपले आणि खुर्चीतच बसून मान लववली. "समजलं," ते म्हणाले. "तुम्हाला उगीच त्रास झाला."

पुढच्या महिन्यात ते येणार नाहीत असं मला वाटलं होतं. खरं म्हणजे येऊ नयेत असं वाटलं होतं, म्हणजे मलाही सुटल्यासारखं झालं असतं. पण ते सर्वांच्या आधी आले. शेजारणीने तळलेले मासळीचे वडे घेऊन आले, सर्वांना एकेक दिला, निइमुराला दोन दिले.

"हे काय, लाच का?" निइमुरा म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. सामेशिमासानही हसले.

मार्ग तोच होता, कागोशिमा ते किता-दाइतो. तानेगाशिमा मागे पडलं. पडद्यावर पाणी पसरलं. अर्ध्या तासाने सामेशिमासाननी विमान खाली आणलं, लाटांवरून थोडा वेळ उडवलं आणि पुन्हा वर नेलं. मला हायसं वाटलं. म्हटलं, म्हातारा खमका आहे, पुन्हा सरळ रेघ ओढून दाखवणार. मनाशी ठरवलंसुद्धा, या वेळी उंचीचा कागद छापायचा. डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत.

त्यांनी मांडीवर कागद घेऊन गणित मांडलं आणि उत्तराखाली रेघ मारली. मला मागून स्पष्ट वाचता आलं, एकशे चौऱ्याऐंशी अंश. पेन्सिल हातात धरून ते थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. मग त्यांनी खोडरबर घेतलं, आकडा पुसला, कागदावरचा चुरा हळूच फुंकला आणि तिथे लिहिलं, एकशे अठ्ठ्याऐंशी. आणि विमान तसं, चार अंश जास्त उजवीकडे, वळवलं.

सुरुवातीला मला वाटलं, गणित सुधारलं असेल. पण गणित त्यांनी पुन्हा केलंच नव्हतं. त्या माणसाने आयुष्यात चुकीचा आकडा जाणूनबुजून लिहिला असेल तर तो तेव्हा, पहिल्यांदा. मी खुर्चीवरून उठले नाही. काय म्हणणार होते, बरोबर उडवा म्हणून? बरोबर उडवलं म्हणजे काय होतं हे मीच त्यांना दाखवलं होतं.

दीड तासाने डॉक्टर पहिले उतरले. मग निइमुरा, मग बाकीचे तिघं एकामागून एक. सामेशिमासानचं विमान एकटंच पाण्यावर फिरत राहिलं. बेट त्यांच्या पडद्याच्या डाव्या कडेला दिसत होतं, धुरकट, तांदळाच्या दाण्याएवढं, पण दिसत होतं. आणि ते उजवीकडे शोधत होते. दर वळणाला दाणा कडेला आला की ते विमान पलीकडे नेत होते. बारा मिनिटं झाली. कपाळावरचा घाम त्यांनी बाहीने पुसला, तो मात्र खरा होता.

एकेक जण येऊन त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिला. शर्यत चालू असलेल्याला सांगायचं नाही असा आमचा नियम आहे, पण त्या दिवशी तो कुणालाच आठवला नाही. सगळे कसे प्रेमळ झाले होते. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, वाकले आणि दवाखान्यात लहान मुलांशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "डावीकडे बघा, सामेशिमासान. डावीकडे. ते काय बेट!"

सामेशिमासान खुर्चीत पुढे सरकले, डोळे बारीक करून त्यांनी पडद्यावर डावीकडे बघितलं.

"अरे हो की," ते म्हणाले. "दिसलं, दिसलं. डॉक्टर, तुमच्यामुळे सापडलं हो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.