दोनशेंचा नैवेद्य

हरणाबाईच्या हाताला माप म्हणून ठाऊक नव्हतं. चहा दोघांचा असला तरी पातेलं आठ जणांचं चढायचं, आणि तिचा नवरा भाऊसो उरलेला चहा गपगुमान दुपारी पुन्हा प्यायचा. दिवाळीत तर विचारूच नका.

जत तालुक्यातल्या त्यांच्या वस्तीवर पाडव्याला मेंढरांची पूजा व्हायची. जोंधळ्याच्या घुगऱ्या आणि पुरणपोळ्यांचा कुस्करा अशी मोठी परात भरायची. मग मेंढरांभोवती लावलेलं वाघरीचं जाळं उचलून ती एकेक बाहेर सोडायची आणि हरणाबाई प्रत्येकीला चिमूटभर घास भरवायची. दोनशेवी मेंढी गेली की परात रिकामी. भाऊसो हलगी बडवायचा, पोरं भंडारा उधळायची, आणि त्या धुरळ्यात हरणाबाईच्या लुगड्याचा रंगसुद्धा ओळखू यायचा नाही. अख्ख्या वर्षाचं सुख तिला त्या एका सकाळी मिळायचं. किती झकास दिवस होते ते!

आठ वर्षांपूर्वी भाऊसोचे गुडघे बसले, चराईच्या रानांना बागांच्या कुंपणाच्या तारा लागल्या आणि कळप विकावा लागला. मागं राहिली ती भोरी. तेव्हा ती आई मेलेलं कोकरू होती आणि हरणाबाई तिला बाटलीनं दूध पाजत होती. तिला गाडीत चढवायला हरणाबाईनं साफ नकार दिला. आता भोरी घरातलीच झाली होती. उन्हं तापली की सरळ आत येऊन पंख्याखाली बसायची.

परात मात्र दरवर्षी तेवढीच भरायची. दोघं म्हातारी भोरीला दोन घास भरवायची आणि बाकीचा नैवेद्य शेजारच्या कोंडीबाच्या कळपाला जायचा. यंदा फौजेतला मुलगा वीरधवल रजेवर आला, सांगलीला राहणारे त्याचे दोघे भाऊही बायकापोरांसह आले. घर गजबजलं. पाडव्याला अकरा जणांनी भोरीला ओवाळलं आणि आपापल्या हातानं भरवलं. नातवंडं तर रांग मोडून पुन्हा पुन्हा येत होती. नात सृष्टी मोबाइलवर सगळं टिपत म्हणाली, "आजी, हिला अजून पाहिजे बघ!"

"घाल की, वरसाचा सण हाय," हरणाबाई म्हणाली. परात पार पुसून निघाली. आठ वर्षांनी ती आपल्याच दारात रिकामी झालेली बघून म्हातारीचा ऊर भरून आला.

दुपारी भोरी पंख्याखाली आली नाही. हरणाबाई बघायला गेली, तर ती भिंतीला टेकून कराकरा दात खात उभी. डावी कूस टम्म फुगलेली. हरणाबाईनं कुशीवर हात ठेवला. एकदा खळ्यावरच्या जोंधळ्यात कळप शिरला होता, तेव्हा चार मेंढ्या दिवस मावळायच्या आत गेल्या होत्या. त्यांच्या कुशी अशाच लागत होत्या हाताला.

वीरधवलनं मोटरसायकल काढली आणि तालुक्याहून जनावरांच्या डॉक्टरांना सणाच्या जेवणावरून उठवून आणलं. त्यांनी भोरीच्या घशातून नळी घातली, वारा काढला, सोड्याचं पाणी पाजलं, इंजेक्शन दिलं.

"काय खायला घातलं होतं?"

हरणाबाईनं सांगितलं.

"आजी, एवढं दाणं आन् गोड एकदम गेलं की पोटात आंबतं. आता मी सांगेपर्यंत वाळल्या चाऱ्याशिवाय काय द्यायचं न्हाई. सकाळपातूर रवंथ धरला, तर वाचली."

डॉक्टर गेले तशी हरणाबाई भोरीजवळ खाली बसली. "आवं, मला सगळं म्हाईत हुतं. जलम मेंढरांत गेला माजा, आन् मीच हिला मारायला निगाले."

"तू मारायला न्हाई निगालीस," भाऊसो तिच्याशेजारी टेकत म्हणाला. "तू दोनशेंना भरवत हुतीस. ती दोनशे हायत कुटं आता?"

हरणाबाईला रडू कोसळलं. कळप विकला त्या दिवशी ती रडली नव्हती. ते रडणं आठ वर्षं आत साठलं होतं, ते सगळं आता बाहेर पडलं. भाऊसोनं तिला रडू दिलं.

तांबडं फुटलं तेव्हा ती लगबगीनं गोठ्यात गेली. भोरी बसली होती. कूस उतरली होती आणि जबडा संथपणे हलत होता, या बाजूनं त्या बाजूला. हरणाबाई किती तरी वेळ नुसती त्या जबड्याकडं बघत राहिली.

मग तिनं कडब्याची पेंढी सोडली. सवयीनं दोन्ही हातांत कवळ भरली आणि तशीच थांबली. त्यातली चार धाटं तिनं भोरीपुढं टाकली, उरलेली पेंढीत घालून आळा आवळून बांधला.

"बास?" दारातून भाऊसोनं विचारलं.

"बास," ती म्हणाली. "एकलीच हाय ती."