पाच मणके

"हे बघा काका, इथपासून इथपर्यंत." डॉक्टर चैत्रालींनी पडद्यावर पेनचं टोक टेकवलं. मानेखालून निघालेला पांढरा पट्टा मज्जारज्जूच्या मधोमध सलग पाच मणके उतरला होता.

रणोजीरावांची नजर लष्कर मोहल्ल्यात तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची. पट्टा नीट दिसला, अर्थ तेवढा कळला नाही.

"काकूंच्या पाठीचा एमआरआय आधी केलाच नव्हता?"

"नाही म्याडम. त्या डॉक्टरांनी डोक्याचाच काढलेला. एमएस म्हटले. आमाला काय गोत्तु?"

चैत्रालींना पुण्याहून म्हैसूरला येऊन वर्षच झालं होतं. पण 'गोत्तु' म्हणजे 'ठाऊक' हे त्यांना कळत होतं. त्या शब्द निवडत बोलल्या. "एमएसमध्ये पाठीतले डाग छोटे असतात, फार तर दीड-दोन मणके. एवढा लांब डाग बहुधा दुसऱ्याच आजाराचा, एनएमओचा. रक्ताचा रिपोर्टही तेच सांगतोय. दोन्ही मज्जातंतूंचेच आजार, वरून सारखेच दिसतात. औषधं मात्र वेगळी."

"मग ते एमएसचं इंजेक्शन?"

"त्यानं हा आजार थांबत नाही, काका. वाढू शकतो."

दिवसाआड एक, चार वर्षं. रणोजीराव स्वतः सुई द्यायला शिकले होते. मुलीच्या लग्नातही मंडपामागच्या खोलीत त्यांनी बायकोला, जानकीला, सुई दिली होती. एकही चुकवली नव्हती. तरी तिचा डावा डोळा गेला, मग पाय गेले. तेव्हाही ते सगळ्यांना सांगत, सुई आहे म्हणून एवढ्यावर निभावलं.

"गेलेलं परत येतं?"

"पुढचं थांबवायचा प्रयत्न करू," त्या हळूच म्हणाल्या.

बाहेर जानकी व्हीलचेअरवर बसली होती. "काय म्हटल्या हो?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण जीभ वळेना. "आजारच दुसरा आहे म्हणे. ती सुई उलटी पडली. मीच टोचत होतो, जानकी."

ती म्हणाली, "सुई टोचली की अंगात ताप भरायचा. हाडं दुखायची. तुमी एवढं मनापासून करत होता, म्हणून बोलले नाही."

रणोजीरावांनी व्हीलचेअर रस्त्यापर्यंत ढकलत नेली आणि रिक्षाला हात केला.

उचलून आत बसवताना जानकीच्या पायातली चप्पल रस्त्यावर पडली. तिला कळलंच नाही. त्यांनी खाली बसून ती झटकली, तिच्या पायात चढवली, पट्टा ओढला.

"घट्ट होतंय?" सवयीनं त्यांनी विचारलं.

जानकीनं उरलेल्या एका डोळ्यानं पायाकडे पाहून घेतलं.

"नाही," ती म्हणाली.