जाळीला कुंकू नाही

अनंतने शेठची नोकरी सोडून सरकारी चाकरी धरली तेव्हा मुलुंडच्या चाळीत त्याची यथेच्छ टर उडाली. सोन्यासारखी सुपरवायझरकी टाकून फॅक्टरी इन्स्पेक्टर व्हायचं म्हणजे हातचं सोडून पळत्यापाठी लागणं, असं लोक म्हणत. नवं राज्य आहे, देशसेवा करायची असेल, असं म्हणून एकदोघांनी कौतुकही केलं. देशसेवा कसली डोंबलाची! अनंतला चंद्रप्रकाश शेठचं नाक कापायचं होतं आणि त्याला लागणारं हत्यार फक्त सरकारकडे मिळत होतं.

शेठचा घाटकोपरला पत्र्याच्या डब्यांचा कारखाना. प्रेसवर हाताने पत्रा सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, की वरचा लोखंडी ठोकळा धाडकन खाली येई. बोटं आत जाऊ नयेत म्हणून पुढे जाळी हवी, असा कायदा. पण जाळीने काम मंदावतं, म्हणून शेठच्या जाळ्या गोदामात धूळ खात. इन्स्पेक्टर आला की रखवालदार त्याला गेटवर चहात गुंतवी आणि तोवर आत जाळ्या चढत. अशाच बिनजाळीच्या प्रेसने अनंतच्या मेहुण्याची, लवूची, उजव्या हाताची चार बोटं नेली. चौकशीला साहेब आला तेव्हा जाळी जागेवर होती. शेठने बेधडक सांगितलं, "पोरगा पिऊन आला होता. जाळी त्यानेच काढली." दारूबंदीचे दिवस. प्यायलेला ठरला की भरपाई बुडाली आणि वर पोलिसांचा ससेमिरा. अनंत ओरडून खरं सांगत राहिला, पण त्याचं ऐकतो कोण? लवूचं ठरलेलं लग्नही मोडलं.

"माझो भाव माळकरी," अनंतची बायको शेवंती कपाळ बडवून म्हणाली, "कधी थेंबाक शिवाक नाय, आणि तेका दारुडो म्हणतत? तुमी थयचे सायब ना? मगे गप कित्याक?"

अनंत गप्प बसणारा नव्हता. त्याने परीक्षा दिली, खात्यात शिरला आणि घाटकोपर आपल्याकडे येईपर्यंत दात आवळून वाट पाहिली.

दिवसही त्याने हेरून ठेवला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच तो गेटवर हजर झाला. रखवालदाराने लगबगीने चहा पुढे केला. अनंतने तो चवीने प्यायला आणि वर आणखी एक मागितला. चढू देत जाळ्या. त्याला त्या चढलेल्याच हव्या होत्या.

"या या, अनंतभाई! साहेब झालात, झकास!" शेठने हात पसरले. "बघून घ्या. सगळं कायद्यात."

अनंत पहिल्याच प्रेसपुढे वाकला. ठोकळ्याला घातलेली झेंडूची माळ जाळीच्या आत चेंगरली होती.

"जाळी माळेनंतर चढली वाटतं?"

"पूजेसाठी काढली होती, साहेब. लगेच बसवली."

"आणि जाळीची पूजा?"

शेठला प्रश्नच कळला नाही. अनंतला मात्र इथल्या कामगारांची रीत पाठ होती. खंडेनवमीला ते कारखान्यातली एकही वस्तू कुंकवाशिवाय सोडत नसत. जे हत्यार विसरलं जाईल ते वर्षाच्या आत रक्त मागतं, अशी त्यांची श्रद्धा. हातोडीला, तेलाच्या बुधलीला, शेठच्या टाइपरायटरलासुद्धा कुंकवाचं बोट लागलेलं होतं. जाळ्या तेवढ्या कोऱ्या होत्या. गोदामात पडलेल्या वस्तूची आठवण होणार कुणाला?

"झाडूला कुंकू आहे, शेठ. जाळीला नाही."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. शेठचा चेहरा पडला, पण घटकाभरच.

"घाला केस. दंड भरतो. आणखी काय वाकडं करणार तुम्ही माझं?"

खोटं नव्हतं ते. दंड म्हणजे शेठच्या लेखी पानसुपारी.

"केस घालतोच," अनंत म्हणाला. "जाळ्या रिव्हेट मारून कायमच्या बसेपर्यंत प्रेस बंद राहतील. पण त्याआधी एक काम आहे. धोंडू, ही जाळी काढ आणि मोटर चालू कर."

धोंडू लवूच्या शेजारच्या प्रेसवर असायचा. त्याने मुकाट्याने जाळी उतरवली. चाक घरघरू लागलं. अनंतने स्वतःचा पाय पेडलवर ठेवला.

"ती माळ बाहेर काढा, शेठ."

"डोकंबिकं फिरलं काय तुमचं?"

"या मशीनमध्ये दारुड्याचाच हात सापडतो, असं तुम्ही सांगितलं होतंत ना? तुम्ही तर प्यायलेले नाहीत. मग भीती कसली?"

सगळा कारखाना हातातलं काम टाकून बघत होता. एवढ्या माणसांपुढे माघार कशी घ्यायची? शेठने तोऱ्यात हात पुढे केला. अंगठ्या घातलेली बोटं ठोकळ्याखाली गेली. मग त्याने मान वर करून अनंतकडे पाहिलं आणि चटका बसावा तसा हात मागे ओढला.

"नव्हता," तो पुटपुटला.

"मोठ्याने."

"लवू प्यायलेला नव्हता! जाळी मीच काढायला लावली होती!"

अनंतने ते शेठच्याच हाताने तिथल्या तिथे लिहून घेतलं. धोंडूने साक्षीला सही केली. शेठ घाम पुसत केबिनमध्ये गेला. लवूच्या नावावरचा डाग धुतला गेला होता. जाळ्याही आता कायमच्या बसणार होत्या. अनंतला हलकं वाटायला हवं होतं. वाटली ती हळहळ. शेठने हात फार लवकर मागे घेतला होता.

चाक फिरतच होतं.

"साहेब," धोंडू चाचरत म्हणाला, "पाय काढा ना आता."