गप्प म्हणजे हो

मी ओळंबा बोलतोय, गवंड्याच्या दोरीला लोंबणारं पितळी वजन. माझ्याइतका सरळ या जगात कुणी नाही. भल्याभल्यांच्या भिंती मी वाकड्या ठरवल्यात, आणि त्यांची तोंडंही. आता वारा सुटला की मीही डुलतो, शेजारी कुणी शिंकलं तरी माझं मत बदलतं, तेवढं सोडा.

शिक्षण म्हणाल तर एकच धडा झालाय : खाली. त्याच इयत्तेत म्हातारा झालो. जन्माची गोष्टही फार मोठी नाही. गळके नळ, तुटकी कुलपं आणि कुणाच्या तरी पलंगाची पितळी बोंडं एकत्र वितळवली आणि मला ओतलं. म्हणून माझ्यात थोडं पाणी, थोडी चोरी आणि पुष्कळशी झोप आहे.

मला विकत घेणारा तेव्हा साधा गवंडी होता. पुढे त्याने परीक्षा दिली, साहेबांपुढे उभा राहिला आणि राज्य सरकारचं कंत्राटदाराचं लायसन मिळवलं. पायापासून छपरापर्यंत अख्खं घर आपल्या नावावर बांधायचं लायसन! ते त्याने काचेत बसवून टांगलं आणि त्या दिवसापासून सगळे त्याला मालक म्हणू लागले. मालक सांगायचा, "गवंडी भिंतीपुरता, सुतार दारापुरता. पण सगळ्यांच्या वाटच्या शिव्या खायला एक माणूस लागतो. त्याला कंत्राटदार म्हणतात."

गुडघे गेले तसा मालक साइटवर लाकडी खुर्ची टाकून बसू लागला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मी. धावपळ सगळी त्याची मुलगी करायची. सळईवाल्याशी भांडायची ती, पायाच्या खड्ड्यात उतरायची ती, स्लॅबवर उन्हात भाजायची ती. कामगार तिला ताई म्हणत. पाटीवर नाव मात्र म्हाताऱ्याचं.

त्या खुर्चीचा एक नियम होता. कुणी काही विचारलं आणि ते चुकीचं असलं, की मालक काठी आपटायचा. बरोबर असलं तर गप्प. "बरोबर गोष्टीवर तोंड कशाला दमवायचं?" असं त्याचं म्हणणं. गप्प म्हणजे हो. अख्खी साइट यावर चालायची.

एका प्रश्नावर मात्र काठी हमखास वाजायची.

"बाबा, मी माझ्या नावाचं लायसन काढू?"

ठक.

"अहो पण—"

ठक, ठक. "माझं आहे ना? एका घरात दोन कशाला? मी काय उद्या मरतोय?"

उद्या नाही मेला. पण फार दिवस लावलेही नाहीत.

एका दुमजली घराचं काम चालू होतं. मालक जेवून खुर्चीत टेकला होता. मान छातीवर, काठी मांडीवर, माझी दोरी बोटांना गुंडाळलेली. ताई हातात कागद घेऊन पुढ्यात आली.

"बाबा, अर्ज भरलाय. देऊन येते."

काठी वाजली नाही. ती थांबली. मग जरा वाकून म्हणाली, "देऊ ना, बाबा?"

काहीच नाही. ताईचा चेहरा असा उजळला, की एवढी मोठी बाई क्षणात शाळकरी दिसायला लागली. "हो म्हणालात हं! नंतर फिरायचं नाही," म्हणत ती धावत गेली.

मी त्याच्या बोटांखाली लोंबत होतो. म्हाताऱ्याचा हात सदा थरथरायचा, त्यामुळे त्याच्या हातात मी कधी स्वस्थ राहिलोच नाही. वर तोच मला म्हणायचा, "मेल्याला नाचायची भारी हौस!" त्या दुपारी मी इतका स्थिर होतो, की माझी मलाच भीती वाटली. जिवंत माणसाच्या हातात ओळंबा असा राहत नाही.

हे मला कळत होतं. पण कळून काय उपयोग? मला 'खाली' एवढं सोडून काही बोलता येत नाही.

थोड्या वेळाने टोपी आला. टोपी म्हणजे आमचा मोठा गवंडी. तो आंघोळीलाही टोपी काढत नसावा असा सगळ्यांचा संशय. जिन्याजवळची भिंत चढवायची होती आणि त्याला मी हवा होतो. माझ्याकडे हात नेला, मालकाचं तोंड पाहिलं आणि मागे घेतला.

"गाढ झोपलेत. ओढला तर जागे होतील," तो कुजबुजला. मग भिंत डोळ्यांच्या अंदाजानेच चढायला लागली.

"मालक, सरळ दिसतेय ना?"

गप्प.

"अजून चढवू?"

गप्प.

भिंत चढत गेली. थापी हळू, घमेलं हळू, शिव्यासुद्धा हळू. मेलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून सगळे चवड्यांवर चालत होते. मी खूप थट्टा पाहिल्या, केल्याही. पण ही मला हसवेना.

संध्याकाळी ताई आली आणि हसत हसत तिने त्याच्या खांद्याला हात लावला.

माणूस गेला तसं त्याचं लायसनही गेलं. ते काही दागिन्यासारखं मुलीला मिळत नाही. नवं लायसन येईपर्यंत काम बंद. अर्धवट घर तसंच उभं राहिलं, खिडक्यांच्या जागी भोकं घेऊन. कामगार सवयीने येत आणि विटांवर बसून राहत. खुर्ची कुणी हलवली नाही. उलट टोपी तिच्याशी बोलायला लागला.

"मालक, विटा झाकून ठेवू?" मग कान देऊन थांबायचा. "हो म्हणाले."

"मालक, आज लवकर सुटू?" पुन्हा कान. "हो म्हणाले."

"मेल्यापासून मालक फार समजूतदार झालेत," एकजण म्हणाला. सगळे हसले. तेवढ्यात वरच्या मजल्यावर ठक असा आवाज झाला. हसणं जिथल्या तिथे राहिलं. "फळी असेल," टोपी म्हणाला. वर फळी नव्हती. मी खिळ्याला टांगलेला होतो आणि हवा बंद असून हलत होतो. कोण हलवत होतं म्हणाल, तर मीही वर बघायला धजलो नाही.

ताईने लेखी परीक्षा दिली, पास झाली. उरली ती जागेवरची तपासणी. आपण बांधलेलं एक घर तपासनीस साहेबांना खालपासून वरपर्यंत दाखवायचं आणि विचारतील त्याची जबाबदारी घ्यायची. दुसरं घर कुठून आणणार? हेच दाखवायचं ठरलं. ती रोज मला घेऊन प्रत्येक भिंतीला लावायची. जिन्याच्या भिंतीपाशी आली, की मात्र मला मुठीत झाकायची आणि पुढे जायची. बाबांनी हो म्हटलेली शेवटची भिंत. तिला ओळंबा लावायचा म्हणजे त्यांचाच कान धरल्यासारखं.

साहेब आले. सभ्य माणूस, चप्पल झिजलेली. सगळं पाहिलं, मान डोलावली आणि नेमके जिन्यापाशी थांबले. "हिला लावा."

ताईने वरून मला सोडलं. वर दोरी भिंतीला धरून, तर खाली मीही भिंतीला धरून हवा होतो. मी राहिलो चांगला चार बोटं लांब. भिंत पुढे झुकली होती, पुढ्यातला माणूस काय म्हणतोय ते ऐकायला झुकावी तशी.

ताई मात्र भिंतीकडे पाहतच नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. तिचा हात थरथरत होता आणि मी नाचत होतो.

"टोपी," ती म्हणाली, "त्या दुपारी हा बाबांच्या हातात हलत होता का हो?"

"नाही ताई. अगदी गप्प. म्हणून तर वाटलं, गाढ झोपलेत."

"म्हणजे मी अर्ज घेऊन गेले तेव्हाच?"

टोपीने मान खाली घातली. कामगारांपैकी कुणी खुर्चीकडे पाहिलं नाही.

साहेबांनी वही उघडली. "ही भिंत पास कुणी केली?"

"मालकांनी," टोपी पुटपुटला.

"तेव्हा लायसन त्यांचं होतं. मग ही चूक त्यांच्या नावावर लिहितो. तुमच्या कामात धरत नाही. बाकी घर उत्तम आहे."

केवढं सोपं होतं! मेलेल्या माणसावर एक भिंत टाकायची आणि लायसन घेऊन घरी जायचं. म्हाताराही काही बोलला नसता. नाही तरी तो हल्ली कशालाच नाही म्हणत नव्हता.

"त्यांच्या नावावर नका लिहू," ताई म्हणाली. "साइट माझ्यावर सोडलेली होती. मी प्रश्न विचारला, उत्तराला थांबले नाही. भिंत माझी. पाडते."

"मग आज पास करता येणार नाही. तेवढी एक भिंत बांधायची परवानगी देतो, झाली की बोलवा."

"नका करू."

साहेब गेल्यावर घण उचलायला कुणी पुढे होईना. टोपी दोनदा थुंकला, दोनदा हातांवर माती चोळली आणि शेवटी म्हणाला, "मालकांना एकदा विचारू का?" ताईने घण घेतला आणि स्वतःच मारला. पहिल्या घावाला सगळे वर पाहत राहिले, ठक येतंय का म्हणून. दुसऱ्या घावाला टोपी पुढे आला.

नवी भिंत मला लावून चढली, ताईच्या हातातून, थर जुळेपर्यंत माझं नाचणं थांबवत थांबवत. साहेब पुन्हा आले. लायसन आलं, तिच्या नावाचं.

आता मी तिच्या कमरेला असतो. दोरी नवी आहे, अंगावर चुन्याचे डाग आहेत, पण बरा आहे. वाचणाऱ्यांना एवढंच मागणं, की घरातलं माणूस गप्प बसलं, तर हो धरून पळू नका. आधी त्याचा हात धरून बघा. बाकी तुमच्या भिंती वाकड्या असल्या तरी माझं काय जातंय!

एक सांगायचं राहिलं. लायसन आल्यावर काम पुन्हा सुरू झालं त्या सकाळी वाळूचा ट्रक दारात आला. वाळू टाकायला जागा एकच होती, आणि तिथे खुर्ची.

"खुर्ची उचला," ताई म्हणाली.

टोपी जागचा हलला नाही. त्याने खुर्चीकडे पाहिलं, मग ताईकडे.

"ताई, असं कसं? आणि मालक कुठे बसतील?"

"त्यांना म्हणावं, माझ्या साइटवर कुणी बसून राहत नाही."