आत्याचा नवा गुडघा

हॉस्पिटलातून घरी सोडताना सिस्टर आकेलोने आत्याला तोंडावरच सांगितलं होतं, "तेओपिस्ता, तुला साखर आहे, बीपी आहे, वजनही भरपूर. गुडघा बदलून महिन्याच्या आत परत इथे येऊन पडतात ती बहुतेक अशीच माणसं. नाहीतर मग ज्यांच्या घरी बघायला कोणी नाही ती."

"मी आहे ना!" मी म्हणाले.

"तुझी शाळा?"

"सोडली."

"बरं झालं म्हणणार नाही. पण हिला गुडघे टेकू देऊ नकोस. टाके उसवून जखमेत पू झाला तर सगळं पुन्हा उघडावं लागेल."

आणि ऑपरेशनच्या बाराव्याच दिवशी माझ्या बहिणीची, इमाक्युलेटची क्वांजुला, म्हणजे नवऱ्याकडच्यांनी मुलीच्या घरी येऊन मागणी घालायचा समारंभ! तारीख कधीचीच ठरलेली, ऑपरेशनचा नंबर मध्येच लागला. नवऱ्याकडचे आले तेव्हा आमच्या मसाका शहराचा अख्खा रस्ता दणाणला. दोन बस, ढोल, बायकांच्या डोक्यावर टोपल्या, मागून एक ओरडणारा बोकड! माझे पाय एका जागी ठरेनात.

आता आत्याने पुढे जाऊन गुडघे टेकून पाहुण्यांना मान द्यायचा आणि गर्दीतून नवरामुलगा शोधून काढायचा. हे काम मुलीच्या आत्याचंच.

"उभ्यानेच नमस्कार कर," मी तिचा समारंभाचा लांब गोमेसी झगा नीट करत म्हणाले.

"या घरातल्या एकूणएक पोरीला गुडघे टेकायला मी शिकवलं. आज मीच ताठ उभी राहू?"

"मग हॉस्पिटलात आडवी हो!"

"तोंड आवर, नालुबेगा."

गेली. वॉकर टेकत, डुलत, राणीसारखी. मी एक प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि मागोमाग सुटले. चटईपाशी तिने वॉकर बाजूला सारला. बघते तर खरंच वाकायला लागली की! माझं डोकं सटकलं. खुर्ची अशी ढकलली की आत्या धप्पकन बसलीच.

मांडवातले ढोल थांबले. पाहुण्यांच्या वतीने बोलणारे सालोंगो माईकवर गरजले, "ही कुणाची पोर? आमचा मान खुर्चीवर बसून देता होय?"

"तिचा गुडघा बारा दिवसांचा आहे!" मी ओरडले. "टाके उसवले तर हॉस्पिटलात उशाशी कोण बसणार? तुम्ही?"

बाबांनी कपाळाला हात लावला. सालोंगोंनी माईक खाली घेतला. मग म्हणाले, "बारा दिवसांचा? अहो, मग तो घरातला सगळ्यात लहान. लहानाला काय बोलायचं! पण पोरी, मान सोडणार नाही. तिच्या वाटचे गुडघे तू टेक."

मी! जिला आत्याने गुडघे नीट टेकत नाही म्हणून हजारदा टोकलं, ती मी धाडकन चटईवर गुडघे टेकून बसले. एकदा माझ्याकडून, एकदा तिच्याकडून. बायकांनी आनंदाने जिभा हलवून असा लुलुलु केला की कानठळ्या बसल्या! आत्याने खुर्चीतूनच बोट रोखलं, "तो रांगेतला तिसरा. घामाघूम झालाय तो." आणि नवरामुलगा तोच निघाला!

घरात नेऊन मी आधी तिची पट्टी उचलली.

"काय गं?"

"कोरडी. एकही टाका हललेला नाही, आत्या!"

"हं. माझ्या कमरेचं विचार आता. खुर्ची अशी ढकलतात?"