सरांच्या पायाखालचा दुसरा ब्रेक

मी दुसरा ब्रेक बोलतोय. गाडी शिकवायच्या गाडीत एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाशी असतो आणि एक शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याच्या. तो शेजारचा मी. आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर विश्वास नाही. मला बनवलंय तेच मुळी संशयातून.

गॅरेजमधल्या मिस्त्रीने मला या गाडीत बसवलं आणि एका सळईने खऱ्या ब्रेकला जोडलं. "सर, आता निर्धास्त व्हा," तो म्हणाला. सर हसले आणि लगेच त्यांनी मला चार वेळा दाबून पाहिलं. तेव्हाच ओळखलं, हा माणूस आपल्यातलाच.

सर बावीस वर्षं गाडी शिकवतायत. नव्या माणसाला सांगतात, "बिनधास्त चालव, मी आहे ना!" आणि त्यांचा पाय माझ्यापासून बोटभर वर. लोकही एकेक नग. एक दुकानदार वळण आलं की डोळे मिटायचा. एक बाई आरशात मागचा रस्ता सोडून स्वतःचे केस बघायच्या. सगळ्यांना मी वाचवलं, पण आभार कुणी मानले नाहीत.

सर मोठे भाविक. रोज सकाळी गाडीत बसून प्रार्थना करतात, "प्रभू, आजचा दिवस तुझ्या हाती. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आमेन." शब्द गोड, पण पाय माझ्यावर. अहो, उभ्या गाडीत! हे देवाला गाडी चालवायला देतात खरं, पण शेजारच्या सीटवर स्वतः बसतात, असा मला दाट संशय होता.

त्यांची बायको शिवणकाम करते. जीभ कात्रीपेक्षा धारदार. एकदा चर्चमधून परतताना गाडीत म्हणाली, "पाळकसाहेब सांगत होते, सगळं देवावर सोडा. तेव्हा बाकाखाली तुमचा पाय काय दाबत होता?"

"मुंग्या आल्या होत्या."

"मुंग्या कसल्या! देवाने जरा वेग घेतला की तुम्ही ब्रेक मारता."

आता मुख्य गोष्ट. त्यांची एकुलती एक लेक नर्स झाली. डोंगरातल्या वस्त्यांवर फिरून आजाऱ्यांना बघायचं काम तिला मिळालं. लहानपणापासून तिला हेच करायचं होतं. अट एकच होती, महिनाअखेरपर्यंत गाडीचं लायसन्स. आणि पोरगी तीनदा नापास! तिन्ही वेळा कारण तेच, ब्रेक उशिरा मारला.

बापाजवळ मात्र ती झकास चालवायची. हे कसं काय? मला ठाऊक होतं. तिच्या वेळी सरांचा पाय बोटभर वर नसायचा, माझ्यावर टेकलेलाच असायचा. तिचा पाय हलायच्या आत ते मला अलगद दाबायचे, इतकं अलगद की तिला वाटावं आपणच थांबलो. तीन महिन्यांत तिने खरा ब्रेक एकदाही वेळेवर मारला नव्हता. परीक्षेत शेजारी पाय आखडून बसणारे साहेब थोडेच दाबणार?

तिला शंका यायची. "पप्पा, आत्ता तुम्ही दाबलात ना?"

"छे गं, तूच."

रोज प्रार्थना करणारा माणूस धडधडीत खोटं बोलत होता! माझा संशय तर आणखी पुढे गेला. "हिला पास कर" अशी प्रार्थना मी कधी ऐकलीच नाही. तिसऱ्यांदा नापास झाली त्या दिवशी सरांनी चेहरा पाडला होता, पण गाडी धुताना गुणगुणत होते.

चौथ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी बायको मागच्या सीटवर येऊन बसली. दोनच वळणं झाली आणि तिला नवऱ्याचा गुडघा दिसला.

"थांबव गं गाडी," ती म्हणाली. "अहो, तुम्ही हिला शिकवताय की अडवताय?"

लेक बापाकडे बघत राहिली.

"मला भीती वाटते," सर शेवटी म्हणाले. "तिकडे सगळे चढ-उतार. आणि शेजारी मी नसणार."

"तुम्ही नसाल. पण देव असेल ना? की त्याच्यावरही संशय आहे?"

"आहे," सर म्हणाले. "त्याच्या इच्छेप्रमाणे होवो म्हणतो मी, पण त्याची इच्छा मला नको असलेलीच असणार, असं वाटतं."

मग ते खाली उतरले, दाराशी गुडघे टेकले आणि सळई अडकवणारी माझी पिन उपसली. सळई सुटून पडली. "बापा, घे आता तुझ्या हातात," एवढंच म्हणाले. मी हादरलो. अहो, निदान मला तरी विचारायचं!

गाडी निघाली. गोदामाच्या उतारावर अचानक एक ट्रक फाटकातून मागे आला. सरांनी सगळा जोर लावून मला दाबलं. मी पार तळाला टेकलो, आणि काहीच झालं नाही. तरीही गाडी कचकन थांबली. ट्रक हातभर पुढे होता.

"पप्पा, तुम्ही दाबलात ना?"

"दाबला," सर म्हणाले. "पण तो जोडलेला कुठाय?"

तिने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. मग ती एकदम हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. दुसऱ्या दिवशी ती पास झाली आणि आठवड्याने गेलीसुद्धा. सर दोन दिवस धड जेवले नाहीत.

माझी पिन पुन्हा बसली आहे. दुकानदार अजून डोळे मिटतो, त्याला मी लागतोच. रबर झिजलंय, संशय शाबूत आहे.

गेल्या महिन्यात लेक दवाखान्याची गाडी घेऊन घरी आली आणि बापाला डोंगरातल्या वस्त्या दाखवायला घेऊन गेली. त्या गाडीत माझ्यासारखा कुणी नाही. मी इथे अंगणात उभ्या गाडीत झुरत होतो. एवढ्या वळणांवर सरांनी पायांचं केलं तरी काय असेल?

संध्याकाळी दोघं परतली. बायकोने दारातच विचारलं, "काय, कशी चालवते लेक?"

सर डोळे चोळत म्हणाले, "काय माहीत. मला झोप लागली होती."

माझा अजून विश्वास बसत नाही. पण माझं काय घेऊन बसलात, मी पडलो ब्रेक. तुम्ही माणसं आहात, तुम्ही ठेवून बघा.