नक्कल करणे गुन्हा आहे

रामप्रसादला नावानं हाक मारणारी माणसं जगात मोजकीच होती आणि ती सगळी साहेब होती. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी पाली गावात लहानथोर त्याला कोतवालच म्हणत. सून सुरेखा मामा म्हणे. बायको तुळजाबाई काहीच म्हणत नसे. "ऐकलं का" एवढं ती हवेत सोडून देई आणि ते त्याला बरोबर लागे. नाव घेणारे म्हणजे तलाठी, मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार. चावडीतून "रामप्रसाद!" असा पुकारा झाला की तो असेल तिथून, हातातली भाकरी ताटात टाकून, "जी साहेब!" म्हणत उठायचा. अडतीस वर्षांच्या नोकरीत दवंडी, नोटिसा, पंचनाम्याला पंच गोळा करणं ही कामं होतीच. पण मूळ काम हे एवढंच होतं.

तुळजाबाई आराधीण होती. देवीपुढं संबळावर गाणी म्हणणाऱ्या बायकांत तिचा आवाज पुढं असे. सोळा-सतरा वर्षांमागं पुण्याची एक कंपनी असे आवाज धुंडाळत बीडपर्यंत आली. कंपनीनं एका दिवसात सात गाणी घेतली, कागदावर अंगठा घेतला आणि मोबदल्यात एक साडी, दहा सीड्या आणि त्या वाजवायला रेडिओसकट एक प्लॅस्टिकचा डबा दिला. कव्हरवर फोटो होता तो एका गोऱ्यापान मुलीचा. तिनं संबळ तबल्यासारखा पुढ्यात मांडला होता.

सातव्या गाण्याला अडचण आली होती. शेवटच्या कडव्यात गाणारीनं आपलं नाव गुंफायचं अशी रीत. तुळजाबाईनं गुंफलं. पण यंत्रावर बसलेला पोरसवदा साहेब म्हणाला, "बाई, कुणाची कोण तेही येऊ द्या. नुसती तुळजाबाई शंभर असतील." नवऱ्याचं नाव घे म्हणाला तो, सरळ. तिनं ते लग्नातल्या उखाण्यातसुद्धा घेतलं नव्हतं. करवल्या रडकुंडीला आल्या होत्या, ही गप्प. तासभर घासाघीस झाली. शेवटी तिनं संबळ थांबवायला सांगितला, भिंतीकडं तोंड केलं, आणि घेतलं.

ते त्या सीडीवर होतं. संबळ एकदम थांबतो. एक श्वास ऐकू येतो. मग ती म्हणते, "रामप्रसाद." गात नाही, नुसतं म्हणते. मग पुन्हा संबळ, आणि "यांची अस्तुरी, माय, तुझ्या दारी."

ती होती तोवर सातवं गाणं घरात कुणी शेवटपर्यंत ऐकलं नाही. कडवं जवळ आलं की एक तर ती डब्याची पिन काढायची, नाही तर रामप्रसादला अंगणातलं काहीतरी आठवायचं.

आता कव्हरवर मागच्या बाजूला तांबड्या अक्षरांत छापलं होतं: या सीडीची नक्कल करणे कायद्याने गुन्हा आहे. असं सगळ्याच सीड्यांवर असे आणि ते वाचायची पद्धत नव्हती. रामप्रसादनं वाचलं. सीडी आली त्याच साली पालीच्याच हनुमाननं बीडच्या बसस्टँडजवळ मोबाइलचं दुकान टाकलं होतं. मेमरी कार्डात गाणी भरून देणं हा त्याचा मुख्य धंदा. तो मोटरसायकलवर पालीला आला नि म्हणाला, "कोतवाल, काकीची सीडी द्या एक दिवस. कॉम्प्युटरमधी घेतो, सगळ्या जिल्ह्यात वाजंल."

"नक्कल व्हय?"

"नक्कलच की. दुसरं काय?"

"मागं काय लिवलंय वाचलं का? पंचनामा करीन बे तुझा. पंच मीच आणीन."

हनुमान हसला. मग कोतवाल हसत नाही हे पाहून त्यानं गाडीला किक मारली.

असा त्या सीडीला बंदोबस्त मिळाला. इतर कंपन्यांच्या सीड्यांना तो मिळाला नाही. त्यांची गाणी चोरली गेली, मेमरी कार्डांत भरली गेली, ऊस तोडायला निघालेल्या ट्रॅक्टरांवर बसून कर्नाटकापर्यंत गेली आणि आजही एखाद्या लग्नात कानठळ्या बसवतात. कायदेशीर राहिलेली तुळजाबाई कुणाच्याच फोनमध्ये नव्हती. पुण्याची कंपनी बंद पडली. कव्हरवरच्या नंबरावर आता फरशीवाला बोलतो.

तुळजाबाई तीन वर्षांमागं गेली. कावीळ झाली, आठवडा लागला. त्यानंतर रामप्रसाद रोज दुपारी चारला, सुरेखा मागच्या दारी भांडी घासत असताना, आतल्या खोलीत डबा लावायचा. सरळ सातवं गाणं. सुरेखा मधूनच हात थांबवून विचारायची, "मामा, कोण आलतं?"

"कुणी न्हाई."

"बोलल्यावानी वाटलं."

"गाणं हाय."

मग या वैशाखात गाणं अडखळायला लागलं. आधी दुसऱ्या कडव्यात, मग तिसऱ्यात. एक दिवस सीडी अर्धा तास नुसती फिरली आणि वाजलीच नाही. रामप्रसादनं ती पंच्यात गुंडाळली आणि बीडची एसटी धरली.

हनुमान आता जाड झाला होता आणि कव्हरं, चार्जर विकत होता. त्यानं सीडी उजेडात धरली. चांदीचा पापुद्रा कडेनं सुटला होता, त्यातून पलीकडचा पंखा दिसत होता. कपाटातून काढून त्यानं जुने तीन प्लेअर लावून पाहिले. एकानंही ओळख दाखवली नाही. कॉम्प्युटरमध्ये घातली तर तो नुसता टकटक करायला लागला.

"ही कुलपाची हाय, कोतवाल."

"कसलं कुलूप?"

"नक्कल होऊ नये म्हणून कंपनीनं बनवतानाच तिच्यात चुका घातल्यात. साधा प्लेअर चुका गिळून पुढं जातो, कॉम्प्युटर अडकतो. पण त्याचं कसं हाय, सीडीत चुका सावरायला थोडी जागा असती. ओरखडा पडला, बुरशी आली, तर ती कामी येती. कंपनीनं ती जागा पैल्याच दिवशी भरून टाकली. आता ओरखड्याला जागा न्हाई."

रामप्रसादनं ते नीट समजून घेतलं. सरकारी कामात असं त्यानं पाहिलं होतं.

"तवा झालं असतं का?"

"नवी होती. तार लावून निवांत घेतलं असतं." हनुमाननं सीडी पुसायला घेतली आणि पुसणं बरं नव्हे हे कळून थांबला. "तुमच्या दारात आलतो की मी."

रामप्रसाद तिथून वकिलाकडं गेला. पंचनाम्याची धमकी ज्यानं दिली त्यानंच आता नक्कल करायची, तर निदान विचारून करावी. अंगदराव वकिलांच्या ऑफिसात बाकावर तासभर बसल्यावर आतून कारकून ओरडला, "रामप्रसाद!" तो "जी साहेब!" म्हणून असा ताडकन उठला की शेजारच्या म्हाताऱ्याचा चहा सांडला.

अंगदरावांनी कव्हर उलटसुलट केलं. "घरच्या घरी ऐकायला एक नक्कल करायची म्हणता? करा की. तो तुमचा हक्क हाय, माझ्या मते."

"आन् कुलूप?"

"चोरीच्या इराद्यानं तोडलं तर गुन्हा. तुमचा इरादा काय?"

"बायकोचा आवाज हाय."

"मग काय अडचण न्हाई."

"म्हंजी नक्कल होईल?"

"हक्क हाय म्हणलं मी. होईल का, ते दुकानदाराला विचारा."

रामप्रसाद उठला नाही. "साहेब, मागं भी चाललं असतं का? सोळा वर्षांमागं?"

"कोण येणार होतं तुमच्या घरात बघायला?" अंगदरावांनी पुढची फाइल ओढली. "तुमच्याकडं कोण आलतं का?"

कोणी आलं नव्हतं. यायचंच झालं असतं तर ते काम कोतवालाचं होतं.

दहातल्या बाकी नऊ सीड्या त्यानं चार दिवस शोधल्या. दोन कुठल्या तरी पुढाऱ्याला दिल्या होत्या, त्यांचं विचारायला नको. एक बहिणीच्या शेतात ज्वारीवर पाखरं येऊ नयेत म्हणून बांधलेली सापडली. उन्हानं ती काचेसारखी आरपार झाली होती. तीन पाहुण्यांनी उसाच्या बैलगाडीला मागं लावल्या होत्या, रात्री ट्रकच्या उजेडात चमकायला. "लई कामाला आली बघा," शिरूरचा साडू म्हणाला. "तिच्यामुळं दोनदा वाचलो." उरलेल्या तिन्हींचा पत्ता लागला नाही.

शेवटी हनुमान स्वतः पालीला आला. त्याचं म्हणणं असं की सीडी ज्या डब्याच्या सवयीची आहे तोच तिला वाजवील, वाजवली तर. डब्याला तार जोडायचं भोक बुजलेलं होतं. तेव्हा फोन समोर धरायचा आणि हवेतला आवाज घ्यायचा. "हवेला कुलूप न्हाई घालता येत कंपनीला," तो म्हणाला. मग रामप्रसादकडं बघून हळूच म्हणाला, "पण एकदाच वाजंल, कोतवाल. पापुद्रा हातात यायलाय."

तयारी झाली. कोंबड्या डालल्या. शेजारच्या गीताबाईची पिठाची गिरणी तासभर बंद ठेवायला सांगितली. पंखा बंद केला. सुरेखा दारात पाठ लावून बसली, कुणी आत येऊ नये म्हणून. हनुमाननं फोन उशीवर टेकवला, पण उशी डगमगायला लागली, तेव्हा रामप्रसाद म्हणाला, "आण, मी धरतो." हनुमाननं तोंडावर बोट ठेवलं. रामप्रसादनं मान हलवली. आयुष्यभर साहेबांसमोर गप्प उभं राहिलेला माणूस. त्याला गप्प राहायला शिकवायची गरज नव्हती.

डबा घरघरला. सीडी फिरली, थांबली, फिरली. मग संबळ आला.

पहिलं कडवं धड गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यात एक शब्द दोनदा आला, पण गेलं. घामाची धार हनुमानच्या नाकावरून डब्याच्या दांडीवर पडली. सुरेखानं पदर तोंडात धरला होता. रामप्रसाद फोन दोन्ही हातांनी छातीशी, नैवेद्यासारखा धरून बसला होता. शेवटचं कडवं आलं. पालीची तुळजाबाई, म्हणून तिनं स्वतःचं नाव घेतलं. संबळ थांबला. श्वास आला.

"रामप्रसाद," ती म्हणाली.

"जी साहेब!" तिचा शब्द पुरता संपायच्या आत रामप्रसाद म्हणाला, आणि अर्धा उठलाही.

पुढचं काही वाजलं नाही. डबा कुरकुरला, सीडी आतल्या आत फाटल्यासारखी वाजली आणि छोट्या हिरव्या खिडकीत 'नो डिस्क' अशी अक्षरं आली. हनुमाननं झाकण उघडलं. पापुद्रा सुटून कोपऱ्यात कांद्याच्या सालीसारखा पडला होता.

रामप्रसाद तसाच, अर्धा उठलेला.

"कावून बोललात हो?" हनुमान म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मी?" रामप्रसाद म्हणाला. "मी बोललो?"

उत्तर सुरेखानं दिलं. ती दारातून हलली नव्हती. "रोजच म्हणता की तुमी, मामा. मला वाटायचं तलाठी आलंय."

हनुमाननं तो आवाज दुकानात नेला, आठवडाभर खटपट केली, पुण्याच्या एका ओळखीच्या पोराकडंही पाठवला. हल्ली दोन आवाज सुटे करता येतात म्हणे. पण फोन रामप्रसादच्या छातीशी होता आणि तुळजाबाई दोन हात लांब, प्लॅस्टिकच्या डब्यात, सोळा वर्षं मागं. ती तशीही हळूच म्हणाली होती. त्याचा आवाज काढला की त्याच्यासोबत तिचाही जायचा आणि तिथं पोकळी उरायची. हनुमाननं विचारलं, कसं ठेवू? पोकळी ठेवू का तुमचा आवाज?

"जसं हाय तसं दे," रामप्रसाद म्हणाला.

ते आता सुरेखाच्या फोनमध्ये आहे. हनुमाननं एक प्रत आपल्या फोनमध्येही ठेवली आणि एक रामप्रसादच्या बहिणीकडं पाठवली; बिघडायला नको म्हणून. नकला हव्या तितक्या होतात. रोज चारला सुरेखा फोन लावून देते आणि भांड्यांकडं जाते. संबळ वाजतो, कडवी जातात, संबळ थांबतो, श्वास येतो. रामप्रसाद तोंडावर दोन्ही हातांनी पंचा दाबून बसलेला असतो. फोनच्या आतला रामप्रसाद बोलून जातो.